पाऊस दारात, पोर घरात

हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की बऱ्याचदा आदल्या रात्रीच शाळांना सुट्टी जाहीर होते. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही खात्याच्या मोजपट्टीतली सर्वांत वरची पायरी, आणि मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात तिथवर मजल जाते. मोठी मुलं या सुट्टीचं काय करायचं ते आपलं आपण बघतात. अडचण होते ती अडीच ते पाच वर्षांच्या पोराची. बालवाडी बंद, बागेत चिखल, पार्किंगमध्ये पाणी, आणि घर म्हणजे दोन खोल्या नि एक गॅलरी. नऊ वाजता खेळण्यांची टोपली उपडी होते, दहाला त्यातलं एकही नको असतं, साडेदहाला सोफ्यावरून उड्या सुरू होतात, अकराला रडारड, आणि मग दमलेलं कुणीतरी त्याच्या हातात मोबाइल देऊन सुटका करून घेतं.

या सगळ्यात साडेदहाची ती उडी फार महत्त्वाची आहे. घरातली माणसं तिला मस्ती समजतात आणि "एका जागी बस बघू" म्हणत चित्रांचं पुस्तक, रंगखडू, ठोकळे पुढे करतात. पण पोर त्या वेळी आपल्या शरीराची गरजच सांगत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी असं म्हटलं आहे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली किमान ६० मिनिटं तरी चांगली धावपळीची असावीत असं. कोरड्या दिवशी हे तीन तास नकळत भरून निघतात. जिना, अंगण, बाग, वाण्याच्या दुकानापर्यंतची चाल, असं करत करत. पावसात यातलं एकेक बंद होत जातं. शिवाय आतल्या कानात तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते तिला, आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांना, या वयात उड्या, गिरक्या, लोंबकळणं, ओढणं, ढकलणं यांतूनच वळण लागत असतं. हे झाल्याशिवाय मूल बसत नाही, आणि दटावून बसवलं तरी त्याचं चित्त बसत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: पावसाच्या दिवशी आधी पायांना काम द्यावं, मग हातांना, आणि कानांना सगळ्यांत शेवटी. कुठले खेळ, हा प्रश्न त्यानंतरचा. क्रम चुकला की चांगल्यातला चांगला खेळ दहा मिनिटांत वाया जातो.

दोन खोल्यांत पायांना काम द्यायला सामान लागत नाही, जागा मोकळी करावी लागते. टीपॉय भिंतीला सरकवावा, एक गादी खाली ओढावी. गादीवर उड्या, गादीवर कोलांट्या. कागदी चिकटपट्टीने फरशीवर आडव्या रेघा मारल्या की लांब उडीचं मैदान तयार होतं. एकच लांब रेघ मारली की तोल सांभाळत चालायला डोंबाऱ्याची दोरी. उशा टाकल्या की नदीतले दगड, आणि पाय खाली टेकला की मगर. जुन्या चादरीवर धाकट्याला बसवून थोरल्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत न्यायचं, हा खेळ फसलेला मी तरी पाहिला नाही. ओढण्या-ढकलण्याच्या कामाचा आणखी एक गुण माझ्या पाहण्यात आहे. नुसत्या उड्यांनी मूल कधीकधी जास्तच चेकाळतं. ओझं ओढलं की दमतं आणि निवतंही. तेव्हा उड्यांच्या पाठोपाठ ओझं हवं. वाण्याकडून आलेली डाळ-तांदळाची किलोकिलोची पाकिटं एकेक करून स्वयंपाकघरात नेऊन ठेवणं, धुवायच्या कपड्यांची टोपली ढकलत न्हाणीघरापर्यंत पोचवणं, गादी परत जागेवर सारणं. ही कामं मुलाला खोटी वाटत नाहीत, कारण ती खोटी नसतातच.

घरात कोंडलेल्या शरीराचं काय करायचं, यावर आपल्याकडे पूर्वीच केवढा विचार झाला आहे हे मंगळागौर पाहताना जाणवतं. श्रावणातल्या मंगळवारची रात्र, बाहेर पाऊस, आणि माजघरात जागरण करणाऱ्या बायकांचे खेळ: फुगडी, बसफुगडी, झिम्मा, लाट्या, पिंगा, कोंबडा, गाठोडं. कमीत कमी जागेत अंगातला सांधा न् सांधा हलवणारा इतका भरगच्च व्यायाम महाराष्ट्रात दुसरा नसेल. खेळ नव्या सुनांचे, पण त्यातले कितीतरी चार वर्षांच्या मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, सहज जमतात. कोंबडा म्हणजे उकिडवं बसून उड्या. दोन फेऱ्यांत मांड्या भरून येतात. गाठोडं म्हणजे अंग आवळून गादीवर गडगडणं. झिम्म्यात टाळी समोरच्याच्या हातावर ठेक्यात पडावी लागते, म्हणजे डोळे, हात आणि कान तिघांची एकदम परीक्षा.

उभ्या फुगडीबद्दल मात्र सावध राहायला हवं. त्यात दोघी हातांची तिढी घालून मागे रेलतात आणि एकीचं वजन दुसरी तोलते. मोठ्या माणसाने लहानग्याबरोबर अशी फुगडी घातली तर सगळा ताण त्याच्या कोवळ्या कोपरावर येतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मनगट धरून झटक्याने ओढलं किंवा हात धरून गरगर फिरवलं, तर कोपराजवळ हाताचं एक हाड आपल्या बंधातून निसटू शकतं. मग मूल रडतं, हात अंगालगत लोंबता ठेवतं आणि कुणाला हलवू देत नाही. डॉक्टर तो बहुधा चटकन बसवतात, पण व्हायचं ते टाळता येतं. फिरवायचं तर काखेत धरून फिरवावं, आणि फुगडी घालायची ती बसफुगडी.

घामाघूम झालेलं पोर पाणी पिऊन टेकलं की हातांची वेळ येते. इथे बहुतेकांना खेळणी आठवतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांना काही वेगळंच दिसलं. खरं काम हाती आलं की मुलं सुंदर खेळणीही बाजूला ठेवत होती. ओतणं, पुसणं, झाडणं, बटणं लावणं, ताटं मांडणं यात ती रमून जात. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. परदेशी धर्तीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग बिया, शिंपले, पानं, माती, आसपास जे मिळेल तेच शिकण्याचं साधन झालं. ताराबाई-अनुताईंच्या कामातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ती कुठल्याही घराला लागू पडते. कोंडलेल्या घरात दुसरं काही नसलं तरी स्वयंपाकघर असतंच.

श्रावणघेवडा निवडायला बसलेली आमच्या शेजारची एक सव्वातीन वर्षांची मुलगी मी नीट पाहिली आहे. पहिली शेंग तिने दोन मुठींत धरून मधोमध मोडली. दुसरीचंही तेच. आजीने न बोलता तिच्यासमोर हळूहळू एक शेंग घेतली, टोक मोडलं आणि शीर खाली ओढली. मग त्या मुलीचा अंगठा आणि पहिलं बोट टोक शोधायला लागलं, मूठ सुटली. एक शीर मधेच तुटली, दुसरी तुटली, आणि मग एक अख्खी, शेंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोऱ्यासारखी निघाली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. त्यानंतर तिला शेंगांशी कर्तव्य उरलं नाही. शिरांची वेगळी वाटी मागून घेतली आणि अर्धा तास शिरा जमवल्या. पुढे पेन्सिल ज्या चिमटीत धरायची ती चिमूट इथे तयार होत असते. गिरवायच्या वहीपेक्षा घेवड्याचा ढीग या वयाला अधिक योग्य आहे, असं मी कुठल्याही पालकाला बेधडक सांगेन.

याच जातीची कामं कितीतरी आहेत. कोथिंबीर निवडणं, भिजवलेल्या लसणाच्या पाकळ्या सोलणं, चमचे आणि काटे वेगळे लावणं, डब्यांना त्यांची झाकणं शोधून देणं. मक्याच्या कणसाची पहिली ओळ मोठ्याने काढून दिली की पुढच्या ओळी मुलाचा अंगठा रेटत जातो. पोळपाटावर छोटा गोळा लाटायला दिला तर तो तासभर लाटला जातो. काळा पडतो तो पडू द्यावा. परातीत बसून वाटीने या भांड्यातून त्या भांड्यात तांदूळ ओतणं हे तर दोन वर्षांच्या मुलालाही पुरतं, आणि सांडलेलं परातीतच राहतं. फक्त दाण्यांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसावं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, मक्याच्या लाह्या चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि वाटाणा नाकात घालून पाहण्याची हौस याच वयाची. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला कांदे-बटाटे आणि मोठी झाकणं द्यावीत.

खेळणी बाहेर काढायचीच तर थोडी काढावीत. अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार खेळणी आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं होतं. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार खेळणी असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा टोपली सबंध उपडी करण्याऐवजी निम्म्याहून जास्त खेळणी माळ्यावर टाकून द्यावीत आणि अशा कोंडलेल्या दिवशी त्यातली दोन खाली काढावीत. महिन्याभराने दिसलेलं खेळणं नव्यासारखंच वाटतं.

आणि खरं तर घरातलं सर्वांत चांगलं खेळणं कुरिअरबरोबर आपणहून येतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात खेळण्यांचं एक मानाचं दालन आहे. तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला जागा मिळाली, २००८ मध्ये काठीला आणि २०११ मध्ये पांघरुणाला. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये एका लेखात याचं कारण मांडलं होतं: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलाच्या कल्पनेला वाव जास्त. बॅटरीवर चालणारी गाडी फक्त गाडीच असते. खोकं सकाळी बस असतं, दुपारी गोठा, संध्याकाळी दवाखाना.

दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या घराचंही तसंच. मोठ्यांना त्या घरात शिरताही येत नाही, हीच त्यातली मुख्य गंमत. त्यात भातुकली मांडली की मोठ्या माणसाने बाहेर थांबावं, बोलावलं तर जेवायला जावं, आणि वाटीत काहीही नसताना "मीठ जरा कमी आहे हं" म्हणावं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६-१९३४) यांचं म्हणणं असं होतं की खोट्या-खोट्या खेळात मूल आपल्या वयाच्या पुढचं वागतं, कारण घेतलेल्या भूमिकेचे नियम ते आपणहून पाळतं. त्यांच्या पठडीतल्या अभ्यासकांनी पुढे एक प्रयोग केला. मुलांना नुसतं स्तब्ध उभं राहायला सांगितलं तेव्हा ती लवकर चुळबुळायला लागली. पहारेकरी होऊन उभं राहायला सांगितलं तेव्हा कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. दुपारी बाळ झोपलं असेल तर थोरल्याला "आवाज करू नकोस" असं दहादा सांगण्यापेक्षा दारावरचा पहारेकरी करावं.

मळून खेळायची माती विकत मिळते, पण तिचा जन्म भिंतींवरचा कागद पुसण्यासाठी झाला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातली एक कंपनी भिंतींच्या कागदावरची कोळशाची काजळी टिपणारा पिठाचा गोळा बनवायची. कोळशाच्या शेगड्या गेल्या तशी मागणी आटली. कंपनीच्या मालकांच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या शिक्षिकेने तो गोळा मुलांना खेळायला दिला, आणि १९५६ मध्ये तो प्ले-डो या नावाने बाजारात आला. पीठ, मीठ आणि पाणी हाच त्याचा गाभा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात सगळं हजर. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक चमचा तेल, मावेल तेवढं पाणी. हळदीचा पिवळा आणि बिटाचा गुलाबी रंग. मीठ गोळा नासू देत नाही आणि मुलाला दुसरा घास घेऊ देत नाही. तरी तो पोटात जाणार नाही यावर लक्ष ठेवावं, इतकं मीठ लहान मुलाला वाईटच. पावसाळ्यात या गोळ्याची एक खोड असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि श्रावणात मुंबईची हवा त्याच्या वरच असते. म्हणून उन्हाळ्यात कडक वाळणारा हत्ती आता दुसऱ्या दिवशी पाझरतो. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा, नि चिकट झाला तर मूठभर पीठ घालून मुलालाच मळायला द्यावा. बेंदूर-पोळ्याच्या सुमारास याच हातांनी बैल करायला घ्यावेत. चार पाय आणि दोन शिंगं तीन वर्षांच्या मुलालाही जमतात, वशिंड मात्र आजोबांना करून द्यावं लागतं.

बाहेर एवढं पाणी पडत असताना मुलाला पाणीच हवं असतं, आणि ते हट्टाने हवं असतं. न्हाणीघरात पसरट टबात चार बोटं पाणी घालून बसवावं. काय तरंगतं नि काय बुडतं हा खेळ आधी सांगून, मग टाकून बघायचा. करवंटी तरंगते, बटाटा बुडतो. सालासकट संत्रं तरंगतं. तेच सोललं की बुडतं, कारण सालीत हवा अडकलेली असते. कणकेचा गोळा तळाला जातो, पण त्याच कणकेची वाटी केली की तरंगते. या शेवटच्या प्रयोगावर चार वर्षांची मुलं अगदी गप्प होतात आणि पुन्हा करायला लावतात. कागदी होडी या वेळी हवीच. वर्तमानपत्राची होडी लगेच मऊ पडते, कारण कागदाच्या तंतूंमधून पाणी वर चढतं. घडी घालण्यापूर्वी कागदावर मेणबत्ती घासली की होडी बराच काळ टिकते. एक मेणाची, एक बिनमेणाची, दोन्ही एकदम सोडाव्यात. कागदाच्या आणि काडेपेटीतल्या काड्यांच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांची पुस्तकं घरी असावीत. पुण्यात आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि मुलांच्या हाती दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्याचा खेळ चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथून हलू नये. भरलेल्या बादलीत, किंबहुना एक-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि त्याचा आवाज होत नाही.

पावसाला घरात आणायचा माझा सर्वांत आवडता मार्ग मोजणीचा आहे. सरळ बाजूंचा एक काचेचा पेला घ्यावा, वर रुंद आणि खाली निमुळता नको. त्याला बाहेरून पट्टी चिकटवावी आणि गॅलरीच्या कठड्याला, जिथे वरून आडोसा नाही अशा जागी, घट्ट बांधावा. तोंड लहान असो की मोठं, पाण्याची उंची सारखीच येते. रुंद पेला जास्त पाणी गोळा करतो, पण तितक्याच जास्त जागेत पसरवतो. पाण्याची उंची एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, आणि दर चौरस मीटरला एक लिटर. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३ लिटर पाणी पडतं; त्याच्या बादल्या मुलाबरोबर मोजता येतात. हवामान खातं चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला करतं. आपणही तेव्हाच करावी. मुलाला आकडा वाचता येत नाही, पण पाण्याएवढी उंच कागदाची पट्टी कापून कॅलेंडरच्या त्या तारखेवर चिकटवता येते, आणि आठवड्याने उंच-बुटक्या पट्ट्यांतून कुठल्या दिवशी जास्त पाऊस झाला ते तेच बोटाने दाखवतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. दारामागे उंचीच्या खुणा केल्या असतील तर त्यातल्या तीन वर्षांच्या खुणेजवळ हात ठेवून पाहावा. एवढं पाणी एका दिवसात आकाशातून आलं होतं.

पाऊस जरा ओसरला, विजा नसल्या, की रेनकोट घालून गच्चीवर पाव तास जरूर न्यावं. सर्दी विषाणूंनी होते. चार थेंबांनी ती येत नाही. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात मात्र पाय घालू देऊ नये. उंदीर-घुशींच्या मुतातून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि पायावरची साधी खरचटही त्यांना पुरते.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच असं आहे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या आत, कमी तितका बरा. साधारण अडीच वर्षांपर्यंतची मुलं समोरच्या माणसाकडून जे पटकन उचलतात, तेच पडद्यावरून कमी उचलतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. व्हिडिओ कॉलवर बोलणारी आजी यात वेगळी पडते, कारण ती मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या नातवंडांना पावसाळी शनिवारी सातारची आजी गोष्ट सांगते तेव्हा त्याला "स्क्रीन टाइम" म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुपारची झोप उतरली, उजेड कमी झाला, की कानांची पाळी. गोष्ट नवी हवी असा आग्रह मोठ्यांचाच असतो. मुलाला कालचीच हवी असते, त्याच शब्दांत, आणि एखादा शब्द बदलला तर ते थांबवतं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की तीन वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली तर नवे शब्द अधिक लक्षात राहतात. तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत विखुरले तर कमी. श्रावणातल्या आटपाट नगरातल्या कहाण्या या दृष्टीने ऐकाव्यात. तोच आरंभ, तीच तीनतीनदा घडणारी घटना, तोच शेवट. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांच्या लक्षात राहाव्यात म्हणून घडलेल्या या रचना लहान मुलाच्या स्मरणशक्तीलाही बरोबर बसतात. मुलाला त्यातल्या नवसा-उद्यापनात रस नसतो. पुढे काय येणार हे आपल्याला आधीच माहीत आहे, याचा आनंद असतो.

वीज गेली तर सोन्याहून पिवळं. टॉर्च, भिंत आणि हात. हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी, भिंतीजवळ नेला की लहान. मुलाला हे दोन मिनिटांत कळतं आणि मग ते राक्षस लहान-मोठा करत राहतं. पुठ्ठ्यातून कापलेला मासा, जुन्या काडीवर चिकटवलेला उंदीर, एवढ्यावर सबंध संध्याकाळ निघते. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्पिढ्या जपल्या. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणात कधी जाणं झालं तर मुलाला तिथे जरूर न्यावं. घरच्या भिंतीवर उंदीर नाचवलेल्या मुलाला त्या खेळातलं कसब जास्त उमगेल. टॉर्च निवडताना बटणासारख्या चपट्या सेलचा नको. असा सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावं.

झोपण्याआधीची आवराआवर मुलाकडूनच करून घ्यावी, आणि तीही ओझ्याच्या कामासारखी. खोकं दाराबाहेर ढकलायचं, उशा एकेक करून पलंगावर न्यायच्या, चिकटपट्टी फरशीवरून नखाने सोलून काढायची. हे शेवटचं काम बहुतेक मुलांना खेळाहूनही आवडतं. पाण्याची सगळी भांडी रिकामी झाली की नाही ते मात्र मोठ्यांनी पाहायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात, त्याला गॅलरीत विसरलेली एक करवंटीही पुरते. टब उपडा, परात पुसून उभी, करवंट्या आत. फक्त मोजणीचा पेला रात्रभर कठड्याला बांधलेला राहू द्यावा. तो सकाळी साडेआठला वाचायचा, पट्टी कापायची, आणि मग ओतून परत बांधायचा.